तारुण्यपिटिका, जंतू आणि वण : एका कार्यकारणकल्पनेचा इतिहास

(१) प्रश्नाचे स्वरूप

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांची जी गणना आहे, तीत ‘मुखदूषिका’ या नावाने तारुण्यपिटिकांचा समावेश केलेला आढळतो. तरुणांच्या मुखावर सावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या या पिटिका कफ, वात आणि रक्त यांच्या दुष्टीमुळे उत्पन्न होतात, असे तेथील प्रतिपादन आहे. ‘क्षुद्र’ हे विशेषण येथे रोगाच्या वर्गाचे आहे. रोग्याच्या दुःखाचे ते मोजमाप नव्हे. मराठीत ज्यांना सामान्यतः मुरूम म्हणतात, त्या पिटिका बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांनी आपोआप नाहीशा होतात हे खरे. परंतु पुष्कळांच्या चेहऱ्यावर त्या जन्मभराचे वण ठेवून जातात.

या पिटिका कशामुळे होतात, या प्रश्नास आधुनिक वैद्यकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतूच्या रूपाने उत्तर दिले. ते उत्तर पुढील सव्वाशे वर्षांत प्रथम स्वीकारले गेले, नंतर नाकारले गेले आणि अखेर निराळ्या अर्थाने पुन्हा स्वीकारले गेले. या घडामोडींकडे केवळ शोधांची कालानुक्रमणिका म्हणून पाहिल्यास त्यांतील मुख्य गोष्ट नजरेतून सुटते. या सर्व काळात जंतू तोच राहिला. बदलत गेली ती ‘कारण’ या शब्दाची व्याप्ती. आणि ज्या काळी कारणाची जी कल्पना प्रमाण मानली गेली, तिच्यावरून त्या काळच्या तरुण रुग्णांवर कोणते उपचार व्हावयाचे हे ठरत गेले. या दृष्टीने या जंतूचा इतिहास त्वचारोगशास्त्राबाहेरील अभ्यासकांनाही उद्बोधक ठरावा.

(२) जंतूचे दर्शन आणि कॉख यांचे निकष

मनुष्याच्या चेहऱ्यावरील, छातीवरील व पाठीवरील केशपुटकांना जोडून त्वक्‌स्नेहग्रंथी असतात. त्यांतून स्रवणारा तेलकट पदार्थ, म्हणजे त्वक्‌स्नेह, केशपुटकाच्या मुखातून त्वचेवर येतो. हे मुख मृत पेशींनी बुजले की आत तेलकट मळाचा खिळा तयार होतो. त्यास कॉमेडोन असे म्हणतात. १८९६ मध्ये हॅम्बर्ग येथील त्वचाविकृतिविज्ञ पाउल गेर्सोन उन्ना यांना अशा विकृत त्वचेच्या सूक्ष्म छेदांत एक दंडाकृती जंतू आढळला. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये रेमाँ साबुरो यांनी त्याचे संवर्धन केल्याचे सांगितले. साबुरो यांची श्रद्धा इतकी दृढ होती की, त्वचेच्या तेलकटपणाचेच नव्हे तर टक्कल पडण्याचेही मूळ त्यांनी याच सूक्ष्म दंडाणूत पाहिले. १९०० मध्ये बॉल्टिमोर येथील टॉमस कॅस्पर गिलख्रिस्ट यांनी त्यास ‘बॅसिलस ॲक्नेस’ असे नाव दिले. या नावातच निर्णय अंतर्भूत होता : जंतूची ओळख त्याच्यावरील आरोपावरून ठरली.

हा निर्णय इतक्या सहजतेने का दिला गेला, हे समजण्यासाठी त्या काळचे वैचारिक वातावरण ध्यानात घ्यावे लागते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला होता आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत एकामागून एक रोगांचे जंतू प्रकाशात आले होते. एक रोग, एक जंतू हे समीकरण रूढ झाले होते. परंतु याच संप्रदायाने कारण सिद्ध करण्याचे जे निकष घालून दिले होते, त्यांना हा नवा जंतू उतरत नव्हता. रोगाच्या प्रत्येक उदाहरणात जंतू सापडावा, निरोगी व्यक्तींत तो सापडू नये आणि शुद्ध संवर्धित जंतू टोचल्यास तोच रोग उत्पन्न व्हावा, असा त्या निकषांचा सारांश होता. यांपैकी दुसरा निकष येथे उघडच मोडत होता. कारण हा दंडाणू प्रौढ माणसाच्या निरोगी त्वचेतही विपुल आढळतो. तिसराही निकष पुरा होईना. संवर्धित जंतू टोचले असता सूज येई, परंतु कॉमेडोनपासून गाठीपर्यंत क्रमाक्रमाने वाढत जाणारा मूळ विकार त्यातून निर्माण होत नसे.

(३) लस आणि क्ष-किरण

निकष अपुरे राहिले तरी उपचार थांबले नाहीत. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत लसीकरणाने रोग बरे करण्याच्या कल्पनेस त्या काळी मोठा बहर आला होता. पुढे पेनिसिलिनच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झालेले अलेक्झांडर फ्लेमिंग हे तेथेच काम करीत होते. तारुण्यपिटिकांची कारणमीमांसा आणि लशींनी त्यांवर करावयाचे उपचार या विषयावरील त्यांचा लेख १९०९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संवर्धनाच्या माध्यमात ओलेइक अम्ल मिसळल्यास हा हट्टी जंतू चांगला वाढतो, हे त्यांनी दाखविले. तेलात राहणारा जंतू तेलावर पोसतो, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरावयाची होती. परंतु त्या वेळी तिचा उपयोग लस तयार करण्यापुरताच झाला. मृत जंतूंच्या या लशी पुढे पुष्कळ काळ टोचल्या गेल्या. त्यांच्या गुणाविषयी मात्र एकवाक्यता कधीच झाली नाही.

दुसऱ्या बाजूस क्ष-किरणांचा उपचार रूढ झाला. क्ष-किरणांनी त्वक्‌स्नेहग्रंथी आक्रसतात व पिटिका ओसरतात, असा अनुभव होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असंख्य तरुणांचे चेहरे या किरणांखाली ठेवले गेले. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यात पुढे अवटू ग्रंथीच्या व त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले, तेव्हा तो मागे पडला. एका ‘क्षुद्र’ गणलेल्या रोगासाठी मोजलेली ही किंमत या इतिहासातून वगळता येत नाही.

(४) जंतूची पीछेहाट

जंतुवादास खरा धक्का बसला तो निराळ्याच दिशेने. १९४१ मध्ये अमेरिकन शरीरवैज्ञानिक जेम्स हॅमिल्टन यांनी पौरुषजन हॉर्मोने आणि तारुण्यपिटिका यांचा संबंध स्पष्ट केला. पौगंडावस्थेपूर्वी ज्यांचे वृषण निकामी झालेले वा काढून टाकलेले होते, अशा पुरुषांना तारुण्यपिटिका होत नाहीत. परंतु त्यांनाच पौरुषजन हॉर्मोन दिले असता त्या उद्भवतात, असे त्यांना दिसून आले. त्वक्‌स्नेहग्रंथी हॉर्मोनाच्या आज्ञेने वाढतात, हे यातून सिद्ध झाले. पिटिका तारुण्यातच का येतात, या प्रश्नाचे जे उत्तर जंतुवादाला देता येत नव्हते ते येथे मिळाले.

याच सुमारास जंतूची कुळी बदलली. १९४६ मध्ये डग्लस आणि गंटर यांनी असे दाखविले की, हा जंतू घटसर्पाच्या जंतूच्या गटात घातला जात असला तरी त्याच्या किण्वनातून प्रोपिऑनिक अम्ल निर्माण होते. हे लक्षण ज्या गटाचे होते त्यास ओर्ला-येन्सेन या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये प्रोपिऑनिबॅक्टेरियम असे नाव दिले होते, आणि त्यातील प्रसिद्ध जंतू स्विस चीजमध्ये भोके पाडणारे होते. घटसर्पासारख्या घातक रोगाच्या कुळातून दुग्धव्यवसायाच्या कुळात झालेले हे स्थलांतर केवळ नामाभिधानाचे नव्हते. जंतूकडे पाहण्याची दृष्टीच त्यात पालटत होती. तथापि हे वर्गीकरण सर्वमान्य होण्यास १९७० नंतरचे दशक उजाडावे लागले.

(५) औषधावरून काढलेले अनुमान

जंतूचे पुनरागमन झाले ते औषधाच्या मार्गाने. १९४८ मध्ये ऑरिओमायसिन आणि त्यानंतर काही वर्षांत टेट्रासायक्लिन ही प्रतिजैव औषधे उपलब्ध झाली. त्यांच्या वापराने पिटिका कमी होतात, असा वैद्यांचा अनुभव होता. औषध जंतुनाशक आहे, औषधाने रोग हटतो, त्याअर्थी जंतू हेच रोगाचे कारण होय, असे अनुमान काढले जाणे स्वाभाविक होते. १९६५ मध्ये फ्रिंकेल, स्ट्राउस, पोची आदी संशोधकांनी या अनुमानास रासायनिक आधार दिला. टेट्रासायक्लिन घेणाऱ्या रुग्णांच्या त्वक्‌स्नेहातील मुक्त मेदाम्लांचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळले. त्यावरून पुढील उपपत्ती मांडली गेली : जंतूमधील लायपेज हे एंझाइम त्वक्‌स्नेहातील ट्रायग्लिसराइडांचे विघटन करते, त्यातून मुक्त झालेली मेदाम्ले केशपुटकाच्या भित्तीस डिवचतात, आणि त्यातून खिळा व सूज निर्माण होतात. जंतू आता आक्रमक राहिला नव्हता. तो तेलाचे अम्लात रूपांतर करणारा कारखानदार झाला होता.

ही उपपत्ती सुसंगत होती आणि तिची परीक्षा करता येण्याजोगी होती, हा तिचा मोठा गुण. १९७७ मध्ये वीक्स, फुल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपेजाचे कार्य रोखणारे द्रव्य रुग्णांच्या त्वचेवर वापरून पाहिले. मेदाम्लांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले. पिटिका मात्र होत्या तशाच राहिल्या. मेदाम्ले हीच मुख्य कारण असतील, तर असे घडावयास नको होते. पुढे असेही स्पष्ट झाले की, टेट्रासायक्लिन हे जंतूंना आवर घालते त्याचबरोबर स्वतंत्रपणे शोथही कमी करते. म्हणजे औषधाच्या गुणावरून रोगाच्या कारणाकडे जाणारी अनुमानाची वाट मुळातच निसरडी होती. औषध एकाच वेळी अनेक ठिकाणी कार्य करीत असेल, तर त्याच्या यशावरून कोणते एक कारण सिद्ध झाले हे सांगता येत नाही. वैद्यकीय संशोधनाच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण सदैव स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

(६) फिलाडेल्फियाचा कालखंड

या विषयावरील १९६० नंतरच्या बहुतेक संशोधनावर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲल्बर्ट क्लिगमन यांची छाप आहे. केशपुटकाचे मुख कसे बुजते याचा सूक्ष्म अभ्यास, १९६९ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेला अ-जीवनसत्त्वाम्लाचा उपचार आणि १९७५ मध्ये गेर्ड प्लेविख यांच्यासह लिहिलेला ग्रंथ ही त्यांची कामगिरी मोठी आहे. परंतु या ज्ञानाचा एक भाग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या पाठीवर मिळविलेला होता. १९५१ पासून १९७४ पर्यंत चाललेल्या तेथील प्रयोगांत कैदी अल्प मोबदल्यासाठी सामील होत, आणि त्यांपैकी पुष्कळजण कृष्णवर्णीय होते. १९६० नंतरच्या दशकात डायॉक्सिनसारखे विषारी द्रव्यही काहींच्या त्वचेवर लावले गेले. फिलाडेल्फिया शहराने याबद्दल २०२२ मध्ये औपचारिक क्षमा मागितली. या संशोधनाचे निष्कर्ष आज सर्व पाठ्यपुस्तकांत आहेत. ज्यांच्या त्वचेवरून ते काढले गेले त्यांचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो.

१९७५ मध्ये क्लिगमन यांचे सहकारी जेम्स लेडन व इतर यांनी जंतूंची गणना करून एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणली. अकरा ते पंधरा या वयोगटात पिटिका असलेल्या मुलांच्या त्वचेवर जंतू विपुल होते आणि नसलेल्यांच्या त्वचेवर ते जवळजवळ नव्हतेच. मात्र विशी ओलांडलेल्यांमध्ये हा भेद उरत नव्हता. रोगाच्या आरंभी जंतूच्या संख्येस अर्थ आहे, पण पुढे नुसत्या संख्येवरून रोगी आणि निरोगी यांत फरक करता येत नाही, असा याचा आशय होता.

यानंतरच्या दोन घटना परस्परविरुद्ध दिशांनी एकाच निष्कर्षाकडे नेतात. १९७९ मध्ये अमेरिकेतून एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांना न जुमानणाऱ्या जंतूंचे वृत्त आले, आणि पुढील दशकात ब्रिटनमध्ये अशा जंतूंचा उपचाराच्या अपयशाशी संबंध दिसून आला. जंतूची औषधास दाद न देण्याची शक्ती वाढली की उपचार फसतात, त्याअर्थी जंतू सर्वस्वी निरपराध नव्हे. त्याच १९७९ साली गॅरी पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसोट्रेटिनॉइन या द्रव्याने गाठींच्या उग्र विकाराचे १४ रुग्ण हाताळले. त्यांपैकी १३ पूर्णपणे बरे झाले. हे द्रव्य जंतुनाशक नाही. ते त्वक्‌स्नेहग्रंथी आक्रसविते. तेल आटते आणि तेलावाचून जंतूंची संख्याही घटते. १९८२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि गर्भावस्थेत घेतल्यास ते गर्भात गंभीर विकृती निर्माण करते हेही लवकरच कळून आले. तात्पर्य, जंतूस जागा देणारी भूमी आणि त्या भूमीवर वाढणारा जंतू यांचा विचार वेगवेगळा करता येत नव्हता.

(७) शरीराचा प्रतिसाद

१९७८ मध्ये वेबस्टर, लेडन आदींनी दाखविले की, हा जंतू रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी जागृत करतो. २००२ मध्ये लॉस अँजेलिस येथील जेनी किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रक्रिया अधिक नेमकी केली : शरीराच्या संरक्षक पेशींवरील ‘टोल-सदृश ग्राही २’ हा रेणू जंतूच्या घटकांना ओळखतो आणि शोथकारक संदेश सोडण्याची आज्ञा देतो. २००३ मध्ये लीड्स येथील संशोधकांनी असे नोंदविले की, दृश्य पिटिका दिसण्यापूर्वीच, खिळा तयार होण्याच्याही अगोदर, केशपुटकाभोवती शोथाच्या पेशी जमू लागलेल्या असतात. पूर्वी जी घटना शेवटची मानली जात होती ती आरंभीचीच निघाली.

२००४ मध्ये जर्मन संशोधकांनी या जंतूचा संपूर्ण जीनसमूह प्रसिद्ध केला. सुमारे २५ लाख ६० हजार क्षारयुग्मे आणि २,३०० हून अधिक जीन असलेल्या या संहितेत मेद व ऊतकघटक यांचे विघटन करणाऱ्या अनेक एंझाइमांची सूत्रे आढळली. २०१३ मध्ये ४९ रुग्ण आणि ५२ निरोगी व्यक्ती यांच्या नाकावरील जंतूंची तुलना झाली. दोन्ही गटांत या जातीचे एकूण प्रमाण सारखेच होते. भेद होता तो प्रभेदांचा. काही प्रभेद रुग्णांमध्ये अधिक आढळले, तर एक निरोगी त्वचेशी निगडित दिसला. कॉख यांच्या ज्या निकषावर हा जंतू शतकभर अडखळत राहिला होता, तो निकष जातीस लागू करावा की प्रभेदास, असा नवा प्रश्न यातून उपस्थित झाला. २०१६ मध्ये जंतूची पुन्हा एकदा नव्या प्रजातीत योजना होऊन त्यास ‘क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हे नाव मिळाले. नावाच्या पूर्वार्धात आता त्वचेचा, म्हणजे निवासस्थानाचा उल्लेख आहे. उत्तरार्धात १९०० सालचा आरोप कायम आहे.

(८) वणांचा प्रश्न

मराठीत ‘वण’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या देवीच्या रोगाशी जोडला गेला होता. देवीचा विषाणू भारतातून १९७५ मध्ये नाहीसा झाला. त्या रोगात विषाणू, फोड आणि खड्डा यांची साखळी सरळ होती. तारुण्यपिटिकांत ती तशी नाही. जंतू त्वचेस स्वतः खड्डा पाडीत नाही. केशपुटकाची भित्ती फुटून त्यातील तेल, मृत पेशी व जंतू खालच्या थरात उतरले की संरक्षक पेशी तेथे धावून येतात, आणि त्यांच्याबरोबर कोलॅजन विरघळविणारी एंझाइमे येतात. मिशिगन येथील सिवॉन कांग आदींनी २००५ मध्ये अशी एंझाइमे पिटिकांमध्ये वाढलेली असल्याचे प्रत्यक्ष दाखविले. नंतरची डागडुजी अपुरी झाली तर खड्डा राहतो. ती प्रमाणाबाहेर झाली तर उंच कठीण वण उठतो, आणि असे वण छाती, पाठ व जबडा येथे अधिक आढळतात. सावळ्या त्वचेवर खड्डा नसला तरी काळे डाग महिनोन्‌महिने रेंगाळतात.

सारख्याच पिटिका असताना एकास वण पडतात आणि दुसऱ्यास पडत नाहीत, याचे उत्तर २००४ मध्ये लीड्स येथे डायना हॉलंड आणि सहकाऱ्यांनी शोधले. ज्यांना वण पडत नव्हते त्यांच्या ताज्या पिटिकांत संरक्षक पेशी मोठ्या संख्येने व त्वरित जमा झाल्या आणि काम आटोपताच पांगल्या. ज्यांना वण पडत होते त्यांच्यात आरंभीचा प्रतिसाद दुबळा होता. परंतु पिटिका शमण्याच्या वेळीही तो चालूच राहिला. म्हणजे वण हा प्रतिसादाच्या तीव्रतेपेक्षा त्याच्या लांबलेल्या कालावधीचा परिणाम होता. लेटन, हेंडरसन आणि कनलिफ यांनी १९९४ मध्ये केलेली पाहणी या निष्कर्षाशी जुळते. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी ९५ टक्क्यांच्या चेहऱ्यावर कमीअधिक वण होते, आणि विकाराच्या आरंभापासून योग्य उपचार मिळेपर्यंत गेलेल्या पहिल्या तीन वर्षांतील विलंबाचा वणांच्या प्रमाणाशी संबंध होता.

(९) समारोप

उन्ना यांच्या छेदांपासून आजपर्यंतच्या या वाटचालीत जंतूस क्रमाने तीन भूमिका मिळाल्या : प्रथम बाहेरून आलेला आक्रमक, नंतर मेदाम्लांचा उत्पादक आणि अखेर शरीराच्या प्रतिसादास जागविणारा सहवासी. पहिल्या दोन भूमिकांत कारण एकच असावे ही अपेक्षा होती. तिसरीत हॉर्मोन, तेल, केशपुटकाचे बुजणे, जंतूचा प्रभेद आणि व्यक्तीची प्रतिकारप्रकृती ही सर्व एकत्र आल्याशिवाय रोग घडत नाही, आणि यांपैकी कोणतेही एक पुरेसे नाही. कॉख यांचे निकष यामुळे असत्य ठरले नाहीत. ज्या रोगांसाठी ते घडविले गेले त्यांहून हा रोग निराळ्या जातीचा आहे, एवढेच त्यातून स्पष्ट झाले.

या इतिहासाचा व्यावहारिक अर्थही दुर्लक्षणीय नाही. जंतू हाच शत्रू मानल्यामुळे लशी टोचल्या गेल्या आणि प्रतिजैव औषधांचा इतका सढळ वापर झाला की जंतूच औषधांना सरावले. उलट, रोग क्षुद्र आहे आणि वयानुसार आपोआप जाईल, या समजुतीने उपचार लांबणीवर पडले आणि वण पडले. आजची उपचारपद्धती प्रतिजैव औषध एकटे न देता बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या द्रव्याबरोबर व मर्यादित काळ द्यावे, आणि वणांची चिन्हे दिसू लागताच उपचारास विलंब लावू नये, असे सांगते. यांपैकी पहिला नियम जंतूविषयीच्या चुकीच्या कल्पनेतून शिकलेला आहे आणि दुसरा रोगाविषयीच्या उपेक्षेतून. दोन्ही नियम रुग्णांच्या नुकसानीनंतरच हाती आले, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.